पायरीशी भेटलेल्या काशीताई

पाळी जाऊन पाच-सहा वर्षं लोटली होती. स्वयंपाकघर सुनेच्या हाती देऊन मी देवधर्मात रमले होते, आणि अशात पुन्हा अंगावरून जाऊ लागलं. आधी नुसते डाग, मग अधूनमधून जास्तच. सांगणार कोणाला? यजमानांशी असलं बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, सुनेपुढे तोंड उघडेना. पण दुखण्यापेक्षा मला वेगळंच खात होतं. नवरात्र तोंडावर आलं होतं. लग्न झाल्यापासून घट मी बसवत आले, आणि त्या वर्षी पाठ दुखते असं सांगून सुनेला पुढे केलं. देवीने मला दूर का लोटलं, माझ्या हातून काय चुकलं, हाच विचार दिवसभर मनात घोळे.

अष्टमीला मात्र राहवेना. ओटीचं ताट घेऊन देवळापर्यंत गेले, पण पायरी चढायचा धीर होईना. शेजारी एक धिप्पाड बाई वहाणा काढत होत्या. माझ्याच वयाच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी म्हटलं, “एवढी माझी ओटी आत द्याल का? मला अडचण आहे.”

त्यांनी ताटाला हात लावला नाही. माझ्याकडे निरखून पाहिलं. “अडचण? या वयात?”

काय झालं कोण जाणे, त्या अनोळखी बाईपाशी मी भडाभडा सगळं बोलून गेले.

“अहो ताई, ही अडचण नाही, हे दुखणं आहे. मलाही अस्संच झालं होतं. कॅन्सर निघाला. बघा, आहे की नाही ठणठणीत?” आणि त्या इतक्या मोठ्यांदा हसल्या की पुजारी बाहेर डोकावले.

या काशीताई. ठाकुर्लीच्या, नवरा रेल्वेत. नवरात्रासाठी लेकीकडे आमच्या ठाण्याला आलेल्या. ओटी त्यांनी आत दिली, प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, “हे खात खात चला. नौपाड्यात माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत.” मी निघाले. का निघाले, ते आजही सांगता येणार नाही.

तपासायच्या टेबलावर शरमेने माझं अंग लाकडासारखं ताठ झालं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण आवाज मायेचा. “आई, अंग सैल सोडा, म्हणजे दुखणार नाही.” सगळा भार तुझ्यावर, असं देवीला मी जन्मभर म्हणत आले, पण खरं तर काहीच सोडलं नव्हतं. त्या टेबलावर डोळे मिटले आणि पहिल्यांदा सोडलं. उशाशी काशीताई आपल्या खादाड जावयाचे किस्से सांगत होत्या. मला हसू फुटलं, तेवढ्यात तपासणी उरकलीसुद्धा.

गर्भपिशवीच्या तोंडाचा बारीकसा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला. कॅन्सरच निघाला, पण सुरुवातीचा. यजमानांना सांगितलं तेव्हा ते जवळ येऊन बसले. मग म्हणाले, “इतके दिवस एकटीने सोसलंस होय गं?” आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मुंबईच्या इस्पितळात तेच मला घेऊन गेले. तिथे किरणांनी रोग जाळायला आत रेडियम लावलं. हलायची बंदी, भेटणाऱ्यांनी दारातच थांबायचं. काशीताईंनी दारातूनच आरती सुरू केली, आणि नर्स रागावली तरी पुरी केली.

मी बरी झाले. असं संकटात धावून आलेलं माणूस पुढे शोधूनही सापडत नाही म्हणतात. माझं हे काशीताई नावाचं माणूस सणासुदीला सापडतं, पुरणपोळीवर तूप कमी पडलं म्हणून कुरकुरतं आणि दुपारी आमच्या ओसरीवर घोरतं. ती देवी होती का, असं बायका विचारतात. मी हात जोडते. देवीने मला लोटलंय म्हणून मी रडत होते, तेव्हा ती मला पुढे ढकलत होती, एवढं मात्र कळलं.

हल्ली ओळखीपाळखीतली कोणी असलं काही कुजबुजली की मीच तिला नौपाड्यात नेते. परवा शेजारच्या यमूवहिनींना नेलं. बिचाऱ्या भीतीने अर्ध्या झाल्या होत्या. त्यांचं साधंच निघालं, औषधाने बरं होणारं. येताना टांग्यात आम्ही दोघी पदर तोंडाला लावून पोरींसारख्या हसत होतो. टांगेवाल्याने मागे वळून विचारलं, “काय आजी, देवदर्शन झालं वाटतं?”

मी हो म्हटलं.