कलम सहा

माझ्या वडिलांना सगळे टाइपकाका म्हणतात. नोंदणी कार्यालयासमोरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या अर्ध्या गाळ्यात बसून त्यांनी एकतीस वर्षं लोकांची मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, मुखत्यारपत्रं टाइप केली. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. माणूस समोर बसला की त्याच्या घरात कोणाचं कोणाशी पटत नाही हे त्यांना दोन मिनिटांत कळायचं. "मोठ्या मुलाचं नाव सांगताना तीनदा चष्मा पुसला, म्हणजे घर धाकट्याला," असं ते जेवताना सांगायचे आणि मी लटकं रागवायचे.

त्यांची कामाची पद्धत एकच. कागद कधी कोऱ्यापासून सुरू करायचा नाही. जुन्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची, नावं, पत्ते, तारखा बदलायच्या आणि छापायची. त्यात घोळ व्हायचेच. एका अविवाहित मास्तरांच्या मृत्युपत्रात "माझी प्रिय पत्नी" तशीच राहून गेली आणि मास्तर सही करायला बसेपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नाही. बाबांनी मख्ख चेहऱ्याने विचारलं, "खोडू की राहू देऊ? अजून वय गेलेलं नाही."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचे कागद केले. घर माझ्या नावावर, आणि सोबत वैद्यकीय इच्छापत्र: बोलता येईनासं झालं तर डॉक्टरांनी आपलं काय करायचं, काय नाही. मसुदा मला वाचायला दिला. कलम सहामध्ये लिहिलं होतं, बरं होण्याची आशा नसेल तर नळ्या आणि यंत्रं लावू नयेत, लावली असल्यास काढावीत. त्यावरून आमचं थोडं वाजलं. मग दोन साक्षीदार, वकीलबाईंचा शिक्का, सगळं रीतसर झालं. सही झालेली प्रत मी न वाचताच कपाटात टाकली.

आता नऊ आठवडे झाले, बाबा दवाखान्यातल्या खाटेवर आहेत. मेंदूत रक्तस्राव झाला. वाचा गेली. नाकातून अन्नाची नळी, गळ्याला भोक पाडून जोडलेलं श्वासाचं यंत्र. डोळे उघडे असतात. त्यांना काय कळतं, हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या माणसाने नाकावर माशी बसू दिली नाही, त्याचं अंग पुसायला चार माणसं येतात आणि त्याच्या डोक्यावरून आपापसांत सुट्ट्यांचं बोलतात. मला त्यांचा संताप येतो. पण तेच ते करणार, दुसरं कोण करणार?

"यापुढे सुधारणा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांनी काही लिहून ठेवलं असेल तर आणा."

मी तो कागद जवळजवळ उत्साहाने नेला. त्यांनी वाचला, बोट ठेवलं आणि माझ्याकडे सरकवला. कलम सहा. शेवटच्या श्वासापर्यंत शक्य ते सर्व उपचार करावेत, कोणतंही यंत्र काढू नये.

"हे दुसऱ्या कोणाचं तरी राहून गेलंय," मी म्हणाले. "जुन्या फाइलवरच टाइप करायचे ते. नेहमी असं व्हायचं."

"तसं दाखवता येईल?"

मी तडक गाळ्यात गेले. झेरॉक्सवाल्या दादांनी बाबांचा कॉम्प्युटर लावून दिला. बाबांनी ज्या फाइलवरून आपली केली, ती एका निवृत्त नर्सबाईंची होती. तिच्यात कलम सहा होतं: यंत्रं काढावीत. बाबांच्या मसुद्यातही तेच. मग चार दिवसांनंतरची, सहीसाठी छापलेली फाइल. तिच्यात एवढं एकच कलम बदललेलं.

"राहून नाही गेलं, ताई," दादा म्हणाले. "माझ्यासमोरच बदललं त्यांनी. मी म्हटलंसुद्धा, काका, अहो, हे तर उलटं झालं. तर म्हणाले, पोरगी चार दिवस बोललेली नाही माझ्याशी. घर खायला उठतं. लिहून टाकतो तिला हवं तसं, नाहीतरी कागदच आहे."

थोडं वाजलं असं मी वर म्हटलं, ते खोटं आहे. मसुदा वाचून मी म्हणाले होते, "आईच्या शेवटच्या आजारात यंत्र नको म्हणून हात वर केलेत, आता स्वतःच्याही वेळी करा." ताट घेऊन मी खोलीत जेवत होते. चार दिवस. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "तुझं म्हणणं विचारात घेतलंय बरं का," आणि मी जिंकल्यासारखी बाहेर येऊन बसले. काय विचारात घेतलंय, ते विचारलंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे टाइपिंगची चूक नाही."

"चूक माझी आहे."

"असेल. पण त्यांनी शुद्धीत, साक्षीदारांसमोर सही केलीय. आता ते स्वतः बदलू शकत नाहीत आणि तुम्हाला बदलता येत नाही. कोर्टात जा हवं तर. तिथेही पहिल्यांदा हाच कागद वाचतील."

मी बाबांजवळ जाऊन बसले. म्हणाले, "बाबा, तुमचंच बरोबर होतं." ते छताकडे बघत होते. तेवढ्यात नर्स नळी बदलायला आली.

"ताई, जरा डावा हात दाबून धरता?" ती म्हणाली. "नळी उपटायला बघतात हो."

मी दोन्ही हातांनी तो दाबून धरला.