फ्री बेंडची हद्द

“अरे, हद्द दाखवणं म्हणजे तुमचं वतनच की! पिढीजात एक्सपर्ट आहेस तू,” काका म्हणाले. टेबलावरचे सगळे हसले.

मीही हसलो. ते आधीच सांगून टाकतो.

शुगर लँडमधलं काकांचं घर, रविवारचं जेवण, दोन हजार सहा साल. ऑफिसातले आम्ही तिघं होतो. काकू वाढत होत्या. काका म्हणजे नात्यातले नव्हेत, आमच्या सर्व्हे कंपनीचे मालक; आणि माझा व्हिसा त्यांच्याच कंपनीचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून त्यांनी गाव विचारलं होतं. मग तालुका. मग, “घर गावात की गावाबाहेर?” मी खरं सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी फार गोड बोलायचे. त्या रविवारी पुरणपोळीवर तूप घेता घेता त्यांनी माझी महारकी सगळ्यांसमोर वाढली. काकूंनी मला आणखी एक पोळी घातली. ती मी खाल्ली.

मी काय म्हणालो होतो? एवढंच, की फ्री बेंडच्या मिस्टर ओटिसनी मला वस्तीची हद्द चालून दाखवली, आणि हद्दीच्या आत कबरी आहेत.

फ्री बेंड नकाशावर नव्हतं. हायवे सोडून दोन तास आत, ओढ्याच्या वळणावर, आता पाच घरं उरलेली. गुलामी संपली तेव्हा सात कुटुंबं कापसाच्या मळ्यातून चालत निघाली आणि इथे थांबली. पुराची जमीन. गोऱ्यांना नको होती, म्हणून यांना राहू दिलं. त्यांनी झाडं तोडली, आधी चर्च बांधलं, मग घरं. कागद कुणी करून दिला नाही. हद्द तोंडी होती. ओढा, जुना ओक, मग सीडरच्या झाडांची रांग. बापानं पोराला चालून दाखवायची. मिस्टर ओटिस ऐंशीच्या पुढचे. त्यांना त्यांच्या बापानं दाखवली होती.

सीडरच्या खाली जमीन जागोजागी खचलेली. माणसाच्या लांबीएवढी, प्रत्येक खड्डा पूर्व-पश्चिम. दगड एकावरही नाही. खूण म्हणून एकावर लोखंडी पलंगाची गंजलेली चौकट, एकावर शिंपले. मी जीपीएसचा दांडा घेऊन सरळ चाललो होतो. त्यांनी माझा दंड धरला.

“वॉच युअर स्टेप, सन. पीपल हिअर.”

मग ते एकेका खड्ड्यापाशी उभे राहून नाव सांगत गेले. काहींना नावच नव्हतं. “हे बाळ,” एवढंच म्हणायचे आणि पुढे जायचे. एकतीस जागा झाल्या. मी प्रत्येक जागेचा पॉइंट घेतला.

माझा आजाही हद्द चालायचा. शिवेचा तंटा झाला की डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन त्यानं चालायचं आणि गावानं मानायचं. शब्द त्याचा खरा, पण भाकरी वरून टाकलेली. हे मला गावात सगळेच सांगायचे, मोठा मान असल्यासारखं. पुढचं बापानं एकदाच सांगितलं. आमच्या मसणवट्याला लागून पाटलाचं वावर होतं. पाटील म्हणाला, दहा पावलं आतून चाल. आजा चालला. त्या दहा पावलांत त्याची पहिली मुलगी पुरलेली होती. पाटलानं नांगर घातला. त्या वर्षी बलुत्यात आली ती त्याच वावरातली ज्वारी. आजीनं त्या भाकरीला हात लावला नाही. आजानं खाल्ली. पोरांनी खाल्ली. माझा बाप त्यातलाच एक.

त्या रविवारनंतर आजाची ती नांगराखाली गेलेली मुलगी, माझी आत्या, माझी पाठ सोडेना. स्क्रीनवर पॉइंट मोजले की बत्तीस यायचे. पुन्हा मोजायचो. एकतीस. पुन्हा बत्तीस. मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा लाज जास्त. त्या टेबलावर मी हसलो होतो ना.

बुधवारी काका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“तो कबरींचा लेयर डिलीट कर. क्लायंटला प्लॉट पाडायचेत. मोकळी जमीन दाखव.”

“मोकळी नाहीये काका.”

“म्हाताऱ्याच्या गोष्टी रे. कागद आहे का त्याच्याकडे?” मग हळूच म्हणाले, “तुला व्हिसा टिकवायचाय ना?”

मी उठलो. शूर वगैरे मी कधीच नव्हतो.

“डिलीट करणार नाही. माझ्या आजानं भीतीपोटी एकदा खोटी हद्द दाखवली. मी दाखवणार नाही.”

“तुम्हा लोकांना वर आणलं की हे असं होतं,” काका म्हणाले. कुणी वर बघितलं नाही. दुपारी माझं टेबल रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी मी फ्री बेंडला गेलो. डेटा कंपनीचा होता, तो कंपनीत राहिला. मी टेप आणि पेन्सिल घेतली. मिस्टर ओटिस काठी टेकत पुढे चालले, मी मागून मोजत गेलो. पूर्ण दिवस लागला. “तू कागदावर घेतलंस, तर मग मी मरायला मोकळा,” ते म्हणाले. मी म्हटलं, “नाही. अजून तुम्हाला साक्ष द्यायचीये.”

काउंटीच्या जमीन-नोंदणी कचेरीत आम्ही दोघांनी शपथेवर लिहून दिलं. काउंटरवरच्या बाईनं शिक्का मारला आणि सांगितलं, “याचा उपयोग होईलच असं काही नाही.” महिन्याभरात काकांचाही नकाशा तिथे दाखल झाला. त्यात ती जागा मोकळी आहे. आता एकाच कचेरीत दोन कागद आहेत, आणि त्यातला एक खोटा आहे.

मला देश सोडावा लागणार. लागू दे. या दोन कागदांची सुनावणी कधीतरी निघेल. मिस्टर ओटिस तोवर असतील, नसतील. मी जिथे असेन तिथून येईन, कर्ज काढून येईन. काकांना सीडरच्या रांगेपाशी उभं करीन आणि त्यांच्या देखत एकतीसही जागा चालून दाखवीन, नाव असेल तिथे नाव घेऊन, नसेल तिथे “हे बाळ” म्हणून. एकही पाऊल आतून टाकणार नाही.