भाऊजींचे पाय

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, आजवर एकही चित्र नुसतं पाहता आलेलं नाही. ते त्यात राहायला जातात. मारेगावात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. तिथल्या कॅलेंडरवर बर्फाचे डोंगर आले त्या महिन्यात ते मफलर गुंडाळून गल्ल्यावर बसत, हे मी शपथेवर सांगतो. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईनं नमस्कार केला की हे हात जोडतात, आणि जेवत असले तर उष्टा हात पाठीमागे लपवून नुसती मान झुकवतात. पुसदच्या टॉकीजमध्ये पडद्यावरचे घोडे अंगावर आले तेव्हा शेजारच्या अनोळखी गृहस्थांना त्यांनी असं काही बाजूला ओढलं की त्यांचा सदरा फाटला. वर त्यांनाच म्हणाले, "वाचले तुम्ही, बाप्पा." पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला की आधी टोपी घालतात, मग ताईला हाक मारतात, "अवं, पोरगी आली, चाय मांड." ताई मांडते. मुलीचा कपही मग तेच पितात, निवायला नको म्हणून.

अशा माणसाला मागच्या वर्षी चक्कर येऊ लागली. एकदा तर दुकानातच पडले. यवतमाळच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. आत गाठ आहे की काय, ते कळल्याशिवाय पुढे काही करता येत नव्हतं. भाऊजी त्या यंत्राच्या नळीत गेले आणि गेले तसे बाहेर आले. "मले जित्ता पुरून राह्यले का?" त्यानंतर ते नळीकडे बघायलाही तयार होईनात. ताई बाकावर पदर तोंडाला लावून बसली.

तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी उपाय काढला. आत घुसमटणाऱ्या लोकांच्या डोळ्यांवर त्या एक खास चष्मा लावत. त्यातून चहूकडे दुसरंच जग दिसतं आणि माणूस नळी विसरतो. कुणाला किती 'तिथे असल्यासारखं' वाटतं आणि तेव्हा मेंदूत काय चालतं, याचाच त्यांचा अभ्यास होता. "काही जणांना तसं वाटायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. मी ताईकडे पाहिलं. त्या दिवसात ती पहिल्यांदाच हसली.

भाऊजींना चष्मा लावून आत सरकवलं. त्यांना दिसत होतं तेच काचेअलीकडच्या खोलीतल्या पडद्यावर आम्हालाही दिसत होतं. नदी, काठावर झाडं, आणि समोर ओट्यावर सुपात गहू निवडत बसलेली एक म्हातारी. यंत्र खडखडू लागलं. भाऊजी निपचित. आणि एकाएकी त्यांनी गुडघे वर घेतले. मेंदूचं चित्र बिघडलं.

"काका, हलू नका," डॉक्टरीणबाई माइकमधून म्हणाल्या.

"हो जी."

पाय सरळ झाले. थोड्या वेळानं पुन्हा वर. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर काढलं. "भीती वाटली का, काका?"

"भेव कायचं? बुढी माय समोर बसली, अन् मी तिच्याकडं पाय करून लंबा. शोभते का मले?"

"पण ती खरी नाहीये ना, काका."

"नाही कशी? गहू निवडून राह्यली."

"म्हणजे तिथे असल्यासारखं वाटलं तुम्हाला?"

"वाटलं म्हंजे? होतोच ना मी तिथं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा काही उजळला की मला भाऊजींचा अभिमानच वाटला. त्यांनी चष्म्यात दुसरं चित्र लावलं, तर ते देवळाच्या गाभाऱ्याचं निघालं. ताईनं लगेच नकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे बोट करून तीच म्हणाली, "याले बसवा मधात. तो पायाशी बसला तं पाय याच्याकडं होतीन, बुढीकडं नाही. साळा आहे, लहान आहे. त्याच्याकडं चालते."

भाऊजींनी विचार केला. "हे बराबर आहे."

मग मी खिसे रिकामे केले, अंगठी, पट्टा, घड्याळ ताईच्या हवाली केलं, कानात बोळे घातले आणि नळीच्या तोंडाशी स्टुलावर बसलो. मी मधे असल्याची खात्री म्हणून भाऊजींच्या पायाचा अंगठा धरला. खडखडाट संपेपर्यंत तो अंगठा हलला नाही.

तपासणीत गाठ निघाली. लहान आहे, सध्या वाढत नाही म्हणतात. गोळ्यांनी चक्कर थांबली, पण दर सहा महिन्यांनी पाहावं लागतं. आम्ही तिघं एसटीनं जातो. चष्मा तोच, नदी तीच, म्हातारी तीच, आणि मधे मी.

मागच्या खेपेला बाहेर आल्यावर भाऊजी बराच वेळ चपला शोधत राहिले. चपला समोरच होत्या. मग हळूच म्हणाले, "बुढीचे गहू सरत आले रे."

चित्र दर वेळी तेच असतं, गहूही तेवढेच असतात. ते मी सांगितलं नाही. म्हणालो, "अजून एक सूप घेऊन बसन ती."

"तू सांगशीन तिले?"

"सांगतो ना, भाऊजी. मीच तं बसतो मधात."