सहादूच्या पेटीची चावी

सहादू त्या अलार्मच्या पेटीसमोर बसायचा तो खुर्चीच्या टोकावर. पाठ कधी टेकायचा नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "दादा, जरा नीट बसा की. खुर्ची काय चावते का?" तर म्हणाला, "भाऊ, वॉचमनला खुर्ची मंजूर नाय. स्टूल मंजूर हाय. ही मोडकी म्हणून इथं टाकलेली."

त्या टोकावर बसणाऱ्या माणसाचं लिहायचं आहे. मोठ्या माणसांचं लिहायला मोठे लोक आहेत.

साल पंच्याऐंशी. नाशकात इंदिरानगरच्या बाजूला चिमाजीशेठनं आपल्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत सिक्युरिटी एजन्सी थाटली होती. त्याचा बाप तिथंच कोबी-फ्लॉवर काढायचा. मळ्यात प्लॉट पडले आणि मुलगा शेठ झाला. साठ-सत्तर वॉचमन होते त्याच्याकडे. खाकी ड्रेस, शिट्टी, काठी. मी त्या लोकांची युनियन चालवायचो. युनियन म्हणजे एक टेबल, एक शिक्का आणि माझं तोंड.

फेब्रुवारीत पुण्याहून लाकडी खोक्यात पेटी आली. अलार्मचा रिसीव्हर. कपाटाच्या निम्म्याएवढी, लोखंडी, पुढं बारा दिव्यांची रांग. गोदामाच्या नाहीतर पतपेढीच्या दाराला एक बटण बसवायचं आणि तिथून टेलिफोन खात्याच्या भाड्याच्या तारेनं थेट पेटीपर्यंत लाइन आणायची. त्या तारेत सारखा थोडा थोडा करंट फिरतो. दार उघडलं किंवा कुणी तार कापली की करंट तुटतो. मग पेटीतली लोखंडाची छोटी जीभ, तिला रिले म्हणतात, ती खालच्या धातूच्या पत्रीवर पडते आणि त्या नंबरचा दिवा लागून घंटा वाजते. हे मला सहादूनं समजावलं, कपाच्या कानात बोट घालून आणि काढून. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला एका चहात कळलं.

पुण्याचा इंजिनिअर दोन दिवस राहिला. बारापैकी तीन लाइनी लागल्या. बाकी नऊ दार बंद असतानाही कोकलायच्या. "तुमच्याकडच्या तारा खराब आहेत," असं म्हणून त्यानं इंग्रजी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेला. शेठनं पुस्तक उघडलं, मिटलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

सहादू तेव्हा गेटवर होता. पन्नाशी गाठलेली. आधी अकरा वर्षं टेलिफोन खात्यात रोजंदारीवर खड्डे खणले होते, खांब चढला होता. कायम कुणी केलं नाही. तो दारात येऊन उभा राहिला.

"शेठ, मी बघू का?"

"तू काय बघणार?"

"तार बघतो. पेटीला हात लावत नाय."

शेठला फुकटात माणूस मिळाला, तो कशाला नाही म्हणतो. गेटची पाळी संपवून सहादू सायकल काढायचा. पिशवीत पकड, ब्लेड, चिकटपट्टी आणि बायकोनं दिलेली भाकरी. खांबामागून खांब, जोडामागून जोड. हिरवे पडलेले जोड खरवडायचा, पुन्हा पिळायचा. एका महिन्यात सहा लाइनी शांत झाल्या. उरलेल्या काही केल्या धरेनात. मग त्यानं बंगल्याच्या मागं खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरलं, त्यात पेटीची अर्थिंगची पट्टी गाडली आणि मेच्या उन्हात रोज त्यावर दोन बादल्या पाणी ओतू लागला.

शेठची आई कलाबाई ओट्यावर बसून बघायची. सत्तरीची बाई, सगळं आयुष्य मळ्यात गेलेलं.

"काय लावलं रे सहादू तिथं?"

"करंट लावलाय, आई."

"उगवला की सांग. मला बी रोप दे."

तिचा सहादूवर जीव होता, हे खोटं नाही. सकाळचा पहिला चहा त्यालाच. पण त्याचा कप मागच्या दाराच्या खिळ्याला वेगळा टांगलेला असायचा, हेही खोटं नाही. मी त्यावरून एकदा तोंड सोडलं होतं. सहादूच मला म्हणाला, "भाऊ, आज फक्त लाइनीचं बोला. एका दिवसात दोन भांडणं झेपत नाय मला."

जूनपर्यंत अकरा लाइनी लागल्या. राहिली सात नंबरची. नाशिक रोडच्या अंगाला एका व्यापाऱ्याचं उळ्याचं गोदाम होतं. उळं म्हणजे कांद्याचं बी. सोन्याहून जपतात ते. ती लाइन आज लागायची, उद्या जायची. सहादू दिवसभर "सात, सात" करत फिरायचा. शेवटी एका खांबावर चिमणीच्या घरट्याखाली दबलेला जोड सापडला. घरटं त्यानं हलवलं नाही, जोड बाजूला घेतला.

पुढं रोज संध्याकाळी सहाला तो बाराही ठिकाणी फोन करायचा. "दार उघडा." दिवा, घंटा. "लावा." वहीत लिहायचा: ठीक. बारा वेळा ठीक. खाकीतच, काठी भिंतीला टेकवून.

शेठ एकदा खूश होऊन बोलून गेला, "दिवाळीपासून तुला ऑपरेटर करतो." सहादूनं ते फक्त बायकोला, सुलाबाईला सांगितलं. सुलाबाईनं वस्तीला सांगितलं. वर म्हणाली, "ती काठी आता माझ्याकडं द्या. सून आली की लागंल."

त्याला ते किती हवं होतं, ते तो बोलायचा नाही. पण अकरा वर्षं खांबावर आणि सहा वर्षं गेटवर घालवलेल्या माणसाला कागदावर 'ऑपरेटर' एवढी पाच अक्षरं हवी होती. बास.

मग दसरा आला. सहादूनं छप्पन साली बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. तेव्हापासून त्या दिवशी पांढरा सदरा घालून धम्मचक्र दिनाला मैदानात जायचा, एक वर्ष चुकवलं नव्हतं. रीतसर अर्ज देऊन सुट्टी घेतली. इकडे शेठच्या घरी रिसीव्हरची पूजा झाली. झेंडूची माळ, नारळ, सगळं. सुट्टीचा दिवस म्हणून पेटीवर बसलेल्या दुसऱ्या वॉचमननं सहाची चाचणी घेतलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उळ्याच्या गोदामाचं दार उघडं सापडलं. पस्तीस पोती गेली. पेटीनं हूं की चूं केलं नव्हतं.

व्यापारी शेठच्या दारात येऊन बसला. शेठला दाखवायला एक माणूस हवा होता, आणि माणूस तयारच होता. सहादूला पेटीच्या खोलीत यायला बंदी झाली. पुण्याच्या इंजिनिअरनं फोनवरच निकाल दिला, "लोकल वायरिंगचा प्रॉब्लेम." तिसऱ्या दिवशी सहादू माझ्या टेबलाशी आला. हातात टाइप केलेला कागद: माझ्या चुकीच्या वायरिंगमुळे सात नंबरची लाइन बंद पडली, हे मला कबूल आहे.

"सही करू का भाऊ?"

"तुम्ही चूक केली का?"

"नाय."

"मग?"

"मग काय. सही केली तर गेटवर ठेवतो म्हणाला. नाय केली तर पोलिसात नाव देतो म्हणाला. मला आता खांबावर चढवत नाय, भाऊ. आन् भांडवत बी नाय."

मला त्याचाच राग आला. मी म्हणालो, "तुम्ही सही करा, मी हा शिक्का गोदावरीत टाकतो. उद्या साठ माणसांकडून अशाच सह्या घेईल तो." सहादू बराच वेळ कागदाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "एकदा पेटी उघडून बघू दे. मग तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वीस वॉचमन घेऊन बंगल्यासमोर उभा राहिलो. घोषणा नाहीत, काही नाही. नुसते उभे. खाकीतली वीस माणसं आपल्याच दारात गप्प उभी राहिली की शेठ लोकांना घाम फुटतो, हा माझा अनुभव. चिमाजीशेठनं खोली उघडली. व्यापारी होता. मागच्या दारात कलाबाई उभी होती.

"बघ तुझी करामत," शेठ म्हणाला. "आणि सगळ्यांसमोर बघ."

सहादूनं चपला बाहेर काढल्या. पेटीचं मागचं झाकण काढलं. आतल्या पत्र्यावर हळदी-कुंकवाची बोटं उठलेली. त्याच्या भुवया वर गेल्या. बॅटरीचा उजेड पाडत एक, दोन, तीन करत सातपाशी आला. थांबला. खिशातून चिमटा काढला आणि अगदी हळू काहीतरी ओढून तळहातावर घेतलं.

आपट्याचं पान. वाळून खाकी पडलेलं, मधोमध दुमडलेलं.

सातची जीभ टक करून खाली पत्रीवर पडली. दिवा लागला. घंटा इतकी जोरात वाजली की व्यापारी उठून उभा राहिला. गोदामाच्या दाराचं बटण चोरीच्या दिवसापासून तुटलेलंच होतं. पेटी चार दिवस ओरडायचा प्रयत्न करत होती, आणि तिच्या जिभेखाली पान होतं.

सहादूनं घंटा बंद केली. "हे पान कुणी ठेवलं?" असं त्यानं विचारलं नाही. मी विचारलं. चांगलं दरडावून विचारलं.

"म्या ठेवलं," मागून कलाबाई म्हणाली.

"आई, तू गप बस," शेठ म्हणाला.

"गप का? सगळ्यांना सोनं दिलं. हा नव्हता. म्हनलं याच्या वाटचं याच्या पेटीला द्यावं. वरच्या पत्र्याला देऊन काय व्हतं? राबतं ते आतलं. चिम्यानंच झाकन काढून दिलं पूजंला. आन् हा दिसभर सात-सात करायचा, म्हनून सातालाच दिलं." मग सहादूकडं बघून म्हणाली, "वंगाळ झालं का रे?"

माझ्या जिभेवर बरंच काही होतं. खिळ्यावरचा कप होता, देव्हाऱ्यातलं पुस्तक होतं.

सहादू म्हणाला, "नाय आई. निघालं ना आता."

त्यानं वही ओढली आणि लिहिलं: लाइन सात. रिलेत पान. काढले. चाचणी ठीक. कुणाचं पान, ते लिहिलं नाही. टाइप केलेला कागद मी शेठसमोर फाडला. तुकडे शेठनंच उचलले, बाहेरच्यांना दिसू नयेत म्हणून.

त्याच बैठकीत मी करार लिहून घेतला. एक, सहादूवर ठपका नाही. दोन, दिवाळीपासून ऑपरेटर. तीन, पेटीला कुलूप आणि चावी फक्त सहादूच्या ताब्यात, दुसऱ्या कुणी पेटी उघडायची नाही. तिसरं कलम माझं. सहादू म्हणाला होता, "भाऊ, कुलूप कशाला? सांगितलं तरी पुरे." मी ऐकलं नाही. जिंकत असताना मी कुणाचं ऐकत नसे. त्या कलमाची फुशारकी मी वर्षभर सगळ्या गेटांवर मारली.

ऑपरेटर झाला तो. काठी सुलाबाईकडं गेली. खुर्ची नवी आली. तिच्याही टोकावरच बसायचा.

शहाऐंशीच्या दसऱ्याला त्यानं अर्ज दिला. शेठनं माझाच करार पुढं केला. "पूजेला पेटी उघडावी लागणार, आई ऐकत नाही. चावी तुझ्याकडे. दुसऱ्यानं उघडायची नाही, हे तुमच्याच साहेबांनी लिहून घेतलंय. मग तूच ये."

मी तणतणत सहादूकडं गेलो. म्हणालो, "एक दिवस चावी देऊन टाका, मी बघतो कोण काय म्हणतो." सहादू म्हणाला, "एक दिवस दिली होती ना पेटी. पस्तीस पोती गेली. तुम्ही लिहिलं ते बरोबरच लिहिलं." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तसे दसरे गेले. सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. खाकीच्या आत पांढरा सदरा घालून यायचा. कलाबाईला कुंकू लावू द्यायचा, ओल्या फडक्यानं लगेच पुसून घ्यायचा. पान स्वतःच्या हातात घ्यायचा, खिशात घालायचा, कुलूप लावायचा.

एकोणनव्वदच्या दसऱ्याला मी दुपारीच तिथं गेलो. म्हणालो, "दादा, पूजा झाली ना? जा तुम्ही. मी बसतो इथं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. डोळ्याला आता चष्मा होता, दोऱ्यानं बांधलेला.

"सातची चाचणी येती का तुम्हाला?"

"शिकवा."

"फोन लावायचा, दार उघडा म्हनायचं, एवढंच दिसतं ते. पन घंटा जरा उशिरा वाजली तर कुठल्या खांबाचं दुखनं हाय, ते कळाया पायजे." तो हसला. "चार वर्षं झाली, भाऊ. एकदा बी शिकाया नाय आला. मोर्च्यातून सवड नव्हती."

हा मात्र टोमणा होता. मी स्टूल ओढलं.

खिडकीतून लांबच्या मैदानावरचा लाउडस्पीकर ऐकू येत होता. वंदना चालू झाली तसा तो बसल्या जागी ओठ हलवत राहिला, एक हात चावीच्या दोऱ्यावर. मी स्टुलावर बसून होतो. सहा वाजले. त्यानं एकेक फोन लावला. सातला दिवा लागला, घंटा वाजली. तो कान देऊन ऐकत राहिला आणि मग लिहिलं: ठीक.

बारावी ओळ लिहून झाल्यावर चष्मा काढला. "चला," म्हणाला. "आता लोक घरी निघाली असतील. वाटंत भेटतील कुणी कुणी."

आम्ही सायकली हातात धरून रस्त्यापर्यंत आलो. समोरून पांढऱ्या कपड्यातली माणसं परत येत होती. सहादूनं खाकी शर्टाची वरची दोन बटणं काढली, आतला पांढरा सदरा दिसेल एवढी, आणि एकेकाला हात जोडत चालू लागला.