शिंपीकाकांना सांगायचं कुणी

ती वृद्धाश्रमात टायपिस्ट म्हणून लागली. पुढे टाइपरायटर भंगारात गेला, कॉम्प्युटरची सगळी कामं तिच्या गळ्यात पडली, तरी नाव टायपिस्टबाई हेच राहिलं. "अहो, मी आता टाइप कमी आणि डोकेफोड जास्त करते," असं ती म्हणायची, पण कुणी ऐकेल तर शपथ.

आश्रमाची वेबसाइट तिनंच चुकतमाकत उभी केली होती. लांब राहणाऱ्या मुलाबाळांना आपली माणसं दिसावीत, ऐकू यावीत म्हणून नर्सबाई दर आठवड्याला एकेकाचा फोटो काढायच्या, चार वाक्यं रेकॉर्ड करायच्या आणि साइटवर चढवायच्या.

एक गोष्ट मात्र टायपिस्टबाईला पहिल्यापासून खुपत होती. हे फोटो आणि आवाज साठायचे ते साइटच्या प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये. प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवली, की सर्व्हर तो फोल्डर पुसून टाकतो आणि नव्यानं मांडतो. म्हणून ती अख्खी आवृत्ती कधी चढवायचीच नाही. एखादी फाइल बदलून वेळ मारून न्यायची. खरं तर फोटो बाहेरच्या एखाद्या फोल्डरमध्ये हलवायचे आणि सर्व्हरला सांगायचं, की कुणी फोटो मागितला तर तिथून दे. अर्ध्या दिवसाचं काम. पण तिच्या नवऱ्याला पक्षाघात झाला, त्याची एक बाजू गेली, आणि तो अर्धा दिवस काही केल्या सापडेना.

त्या बुधवारी व्यवस्थापकांना साइटवर नवा अर्ज हवा होता. त्यासाठी पूर्ण आवृत्ती चढवणं भाग होतं. आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्यायचे, हे ती मनात घोकत होती. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. नवरा पलंगावरून पडला होता. बाईनं घाईघाईनं आवृत्ती चढवली, पर्स उचलली आणि धावत सुटली.

चार वाजता ती परत आली, तर नर्सबाई दारातच उभ्या. "बाई, एकही फोटो दिसत नाहीये हो."

ती तशीच कॉम्प्युटरपाशी धावली. साइटची रोज एक प्रत निघायची, पण ती नोंदींची. कुणाचा फोटो, कोणत्या तारखेचा, कुठे ठेवलाय, सगळं त्यात नीट होतं. फक्त फोटो नव्हते, आणि आवाजही नव्हते.

व्यवस्थापक म्हणाले, "तांत्रिक बिघाड झाला म्हणा आणि विषय संपवा."

पण पाच वाजता शिंपीकाका यायचे. त्यांची बायको इथेच राहायची, हिवाळ्यात गेली. तेव्हापासून ते रोज भेटीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुढे बसून तिचं रेकॉर्डिंग ऐकायचे. "जगाचे कपडे शिवता, आधी स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावा," असं ती त्यात करवादायची, आणि काका रोज त्याच जागी हसायचे.

ते खुर्ची ओढून बसले. टायपिस्टबाई समोर येऊन उभी राहिली.

"काका, काकूंचं रेकॉर्डिंग गेलं."

"म्हणजे आज लागणार नाही?"

"आज नाही."

"मग उद्या येतो."

"उद्याही नाही, काका. पुसलं गेलं. बिघाड नव्हता, माझ्या हातून झालं. ते आधीच बाहेर हलवून ठेवायला हवं होतं, मला माहीत होतं."

काकांनी खुर्ची परत जागेवर सरकवली. पिशवी उचलली. दारापाशी थांबले आणि म्हणाले, "यजमान कसे आहेत तुमचे?"

शिव्या घातल्या असत्या तर तिनं मुकाट ऐकल्या असत्या. हे ऐकून मात्र ती भिंतीकडे तोंड करून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं ते अर्ध्या दिवसाचं काम केलं. दुपारपर्यंत झालंसुद्धा. मग घरोघर पत्रं धाडली, कुणाच्या फोनमध्ये काही असेल तर पाठवा म्हणून. बरेच फोटो परत आले. शिंपीकाकांना मूलबाळ नव्हतं, त्यांच्याकडून काय येणार?

ते यायचेच बंद झाले. महिन्याभरानं ती त्यांच्या दुकानात गेली. मशीन थांबवून त्यांनी तिला स्टूल दिलं.

"काकू काय बोलायच्या ते मी लिहून देऊ का?" तिनं चाचरत विचारलं.

"शब्द पाठ आहेत हो मला," काका म्हणाले. "रोज म्हणून बघतो. पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतात."

पुढच्या वर्षी तिचा नवरा गेला. शिंपीकाका भेटायला आले, तासभर बसले. ते निघाले तेव्हा ती त्यांना खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेली, आणि ते वळणाआड होईपर्यंत तिथेच उभी राहिली.