धाव निसटली तेव्हा

मे महिन्याच्या अखेरीस घोडेगावला एस.टी.तून उतरलो, तेव्हा पिशवीत निकाल होता. पदार्थविज्ञानात नापास. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गावी, तळेघरला पोचून वडिलांना सांगायचं ठरवलं होतं, की आता पुणं पुरे, नाचणीच्या शेतातच राबतो.

पुढे बस नव्हती. जुन्नरचे इस्माईलचाचा बैलगाडीतून मीठ घेऊन तळेघरलाच चालले होते. त्यांनी पोत्यांवर बसवून घेतलं.

ऊन चढलं आणि डाव्या चाकाची धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) निम्मी निसटली. चाचांनी ती दगडाने ठोकून जागेवर आणली. मला राहवलं नाही. "चाचा, लोखंड उन्हानं फुगलंय. गार पाण्यानं आकसेल." ते काही बोलायच्या आत मी गाडीतल्या मडक्यातलं सगळं पाणी धावेवर ओतलं.

धाव जरा आवळली. दोन शेतं ओलांडली नाहीत तोच पुन्हा निसटली.

"पावणं, पियाचं पानी व्हतं ते," चाचा म्हणाले. "आन लोखंड फुगलं, तर लाकूड काय झोपलं व्हतं? उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतंय. त्याला पाजा!"

घोड नदीचा डोह जवळच होता. मीठ भिजू नये म्हणून मी एकेक पोतं पाठीवर घेऊन झाडाखाली नेलं. चाक काढून डोहात ठेवलं. लाकूड फुगेपर्यंत चाचांनी भाकरी आणि कांदा पुढे केला. जेवता जेवता मी निकालाचं सांगितलं. धाव तापवून का बसवतात, असाही एक प्रश्न परीक्षेत होता. मी नुसती प्रसरणाची पाठ केलेली व्याख्या लिहिली होती.

चाचा खो खो हसले. "आमची धाव दर उन्हाळ्यात निसटती, राव. म्हून गाडी इकू काय?"

उतरत्या उन्हात चाक बाहेर काढलं. धाव हलवून हलेना.

घरी नापास झाल्याचं सांगितलं. वडिलांनी विचारलं, "कशात राहिलास?"

"धाव तापवून का बसवतात, त्यात."

ते बघतच राहिले. "आन ते तुला ठावं नव्हतं?"

"ठाऊक होतं. पण परीक्षेत तेच लिहायचं असतं, हे ठाऊक नव्हतं."

शेतात राबायचं मी बोललोच नाही. जूनमध्ये त्याच वाटेने घोडेगावला चालत आलो. डोहाशी थांबून पाणी प्यालो आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला बसायला पुण्याची एस.टी. धरली.