सलामाचा हात

नव्वदच्या दशकात बँकेने माझी बदली लखनऊला केली. तिथे महानगर कॉलनीत आमच्या कोपऱ्यावर एक सायकल-मिस्त्री बसायचा. त्याने जुनी सायकल कापून, तिला फवारणी पंपाचं इंजिन लावून, उभ्याने चालवायची स्कूटर बनवली. सीट का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "बड़े सामने हों और हम बैठे रहें?"

ब्रेक एकच होता, उजव्या हाताला. सलामही त्याच हाताने करायचा. त्यामुळे पहिल्याच फेरीत मला पाहताच त्याने हात कपाळाला नेला आणि तो मोठ्या अदबीने थेट गटारात गेला.

दुसऱ्या दिवशी तो येताना दिसला, तेव्हा त्याच्याच जिवाच्या काळजीने मी तोंड फिरवलं. स्कूटर झकास थांबली.

"साहब," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "हमसे कोई ख़ता हुई?"